कातरलेला कोपरा

ता. ४ मार्च

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. तुझी साठी उलटली तरी मी तुला याच नावाने हाक मारणार. तक्रार असेल तर लेखी कळव.

हे पत्र मी स्वतः टाइप केलं आहे. कॉन्व्हेंट शाळेत टायपिंग शिकवणाऱ्या मदर आमच्या हातांवर रुमाल टाकायच्या आणि कळांकडे नजर गेली की बोटांवर पट्टी मारायच्या. तेव्हा मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. आता दोन्ही डोळे गेल्यावर त्यांचा तोच रुमाल माझ्या कामी येतो आहे.

झोपेच्या गोळ्या सुटल्याला चौथा महिना चालू आहे. डोळ्यांपुढे दिवस आणि रात्र सारखीच झाली, तशी झोप रुसली. डॉक्टरांनी एक गोळी दिली, मी तिच्या चार केल्या. उरलेली पाकिटं तू फेकायला घेऊन गेलीस तेव्हा मी तुझ्या पदराला धरून रडले होते म्हणे. मला आठवत नाही, आणि तू आठवण करून देऊ नकोस.

अंधांच्या केंद्रात दर गुरुवारी व्यसन सोडणाऱ्यांचा आमचा गट बसतो. एक दारूवाले, एक तंबाखूवाले आणि मी गोळीवाली. गेल्या खेपेला एक डोळस डॉक्टरीणबाई भाषण द्यायला आल्या. म्हणाल्या, तुमच्या अवस्थेत थोडा आधार घेतलात तर कुणी नावं ठेवणार नाही. मी त्यांना विचारलं, की डोळसांनी बुडायचं नाही आणि आंधळ्यांनी मात्र खुशाल बुडावं, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे? बाईंनी पाणी मागितलं. असली दया मला विषासारखी वाटते.

मी ब्रेल शिकले. केंद्रातल्या मास्तरीणबाईंनी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर टिंबं उठवायला शिकवलं, त्या मी डब्या-बाटल्यांना चिकटवते. प्रत्येक पट्टीचा वरचा उजवा कोपरा कातरते, म्हणजे डोळसांनाही सरळ-उलटं कळावं. तुझ्या दादाने मीठ-साखरेच्या पट्ट्या उलट्या लावल्या, म्हणून त्याला आणि वहिनीला टेबलाशी बसवून धडा दिला. आता दोघांना झोपेतून उठवून विचारलं तरी कातरलेला कोपरा कुठे असतो ते सांगतील.

तब्येत बरी. रक्तवाढीचं टॉनिक सकाळ-संध्याकाळ घेते. गंजलेल्या खिळ्यांचा अर्क आहे नुसता. महिनाअखेरीस एकटीने काठी घेऊन मोठा रस्ता ओलांडायची परीक्षा आहे. पास झाले तर केंद्रात टायपिंग शिकवायचं काम मला मिळणार. अट एकच, की गोळीला पुन्हा हात लावायचा नाही. निवृत्त झाल्यावर पुन्हा नोकरी! तुझा दादा हसला. हसू दे.

पत्राचं उत्तर लवकर दे आणि तुझी माया पोस्टाच्या तिकिटासारखी मोजून लावू नकोस.

तुझी ताई


ता. ११ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसूही आलं आणि धडकीही भरली. एकटीने मोठा रस्ता? दादा काय करतो आहे? हे गेले, मुलं परदेशी गेली, आता तुलाही काही झालं तर मी कुणाकडे बघायचं?

एक सांगू? रागावू नकोस. मागच्या वर्षी मी महिनाभर राहिले होते ना, तेव्हा तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचीस. मी भरवायची, केस विंचरायची. तू माझा हात सोडायची नाहीस. उभ्या जन्मात तू मला एवढी जवळ येऊ दिली नव्हतीस. आता पुन्हा पत्रभर तुझी हडेलहप्पी सुरू झाली. बरी झालीस म्हणायची!

इकडे घर खायला उठतं. रेडिओ चालू ठेवते, तर शेजारीण म्हणते कमी करा. येत्या आठवड्यात चार दिवस तुझ्याकडे येते. तुझी कपाटंही आवरून देईन. वहिनी मनाने चांगली, पण तिच्या हाताला वळण नाही.

मी येईपर्यंत रस्त्याशी भांडू नकोस. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी छकुली


ता. २७ मार्च

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. तू गेल्यावर घर शांत झालं. कपाटं छान लागली आहेत, उघडली की साबणाचा वास येतो. जेवताना तू घास भरवायला लागलीस तेव्हा मी ताट बाजूला सारलं, ते तुला लागलं असेल. पण छकुले, मला तोंड सापडतं.

टायपिंगच्या चुका पोटात घाल. बोटं कापसात बुडवल्यासारखी झाली आहेत. सकाळी उठते ती जड डोक्याने, आणि टॉनिक घेऊन केंद्राकडे निघेपर्यंत पाय दुसऱ्याच कुणाचे तरी वाटायला लागतात. टॉनिकही अधिकच कडू लागतं. खिळे संपले, आता कुलपं उकळतात बहुतेक.

काल गटात बसल्या बसल्या माझा डोळा लागला. दारूवाल्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की बाईंच्या आवाजात जुना जडपणा आला आहे, त्यांनी पुन्हा सुरू केलं असणार. मी त्यांना असं झापलं, की तंबाखूवाले मध्ये पडले. घरी आल्यावर मात्र मी एकटीच मोठ्याने बोलून स्वतःचा आवाज ऐकला. त्या माणसाचा कान खोटं बोलत नाही. मी गोळी घेतलेली नाही. मग आवाजात काय आलं?

तुझं काय मत ते कळव, आणि थोडं माझ्या बाजूचं असेल तर आधी कळव.

तुझी ताई


ता. २ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

दादाचा फोन आला होता. तोही तेच म्हणाला. ताई, आम्ही कुणी रागावलेलो नाही. एखादं पाकीट तू कधीतरी कुठे ठेवून दिलं असशील, अर्धवट झोपेत हात गेला असेल. तुला आठवणार नाही. तेव्हाही आठवत नव्हतं, नाही का? आणि घेतली तर घेतली. या वयात कुणाला हिशेब द्यायचा आहे? ती नोकरी, ती परीक्षा, तो रस्ता, हे सगळं कशासाठी? लोकांना दाखवायला?

मी होते तेव्हा शेवटच्या दुपारी तू झोपलीस, आणि मी तुझ्या कपाळावरून हात फिरवत बसले. किती शांत दिसत होतीस. आई झोपायची तशी.

माझ्याकडे राहायला ये. मागची खोली तुझ्यासाठी तयार केली आहे. खिडकीला जाळी लावून घेतली, जिन्याच्या तोंडाशी दार बसवलं. आता तुला कुठे लागायची भीती नाही.

टॉनिक मात्र चुकवू नकोस हं. अशक्तपणानेही ग्लानी येते.

उन्हात फिरू नकोस, आणि आपली माणसं परकी मानू नकोस.

तुझी छकुली


ता. ९ एप्रिल

चि. छकुलीस,

आशीर्वाद. डाव्या हाताने टाइप करते आहे, उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे.

परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यावर ढकलली होती. त्या दिवशी फुटपाथ कुठे संपला ते मला कळलंच नाही. काठीने सांगितलं असणार, पण माझ्यापर्यंत पोचलं नाही. ब्रेकचा आवाज आला तो कानाशीच. ट्रकवाला उतरून शिव्या देत होता, आणि मी रस्त्यावर बसून विचार करत होते, की याला झोप आली नाही याचे उपकार मानावेत का.

इस्पितळात रक्त तपासलं. त्यात औषध निघालं. माझंच जुनं औषध. तुझ्या दादाने तो कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याने ओरडायला हवं होतं. केंद्राने नोकरीचं काम थांबवलं आहे. गटात आता माझं बोलणं सगळे अतिशय प्रेमाने ऐकतात, म्हणजे विश्वास कुणाचाच नाही.

मी माझी खोली उलटीपालटी केली. गाद्या, उशा, कोटाचं अस्तरसुद्धा उसवलं. काही सापडलं नाही. वहिनीला सांगितलं, की मला खोलीत कोंडून बाहेरून कडी घाल. ती रडायला लागली. छकुले, मला अंधाराची कधी भीती वाटली नाही. आता माझ्याच हातांची वाटते. मी झोपले की ते कुठे जातात?

यापुढे पत्र केंद्राच्या पत्त्यावर पाठव. मास्तरीणबाई वाचून दाखवतील. वहिनी वाचताना मध्येच हुंदके देते, आणि मग वाक्य कुठे संपलं ते कळत नाही.

मला वेड लागलेलं नाही एवढं गृहीत धरून माया कर.

ताई


ता. १५ एप्रिल

छकुली,

आशीर्वाद नेहमी आधी लिहिते. आज ते शेवटी आहेत, तिथपर्यंत वाचलंस तर मिळतील.

प्लास्टरमुळे माझा हात वर जात नाही, म्हणून वहिनीने औषधांच्या बाटल्या खालच्या फळीवर आणल्या. एरवी टॉनिकची बाटली मी जागेवरूनच ओळखते, पट्टी वाचायची वेळ येत नाही. परवा जागा बदलल्यामुळे वाचावी लागली, तर काही अर्थ लागेना. टिंबं माझीच, पण शब्द कुठलाच नाही. मग बाटली उलटी धरली आणि 'टॉनिक' वाचता आलं. कातरलेला कोपरा खाली, डावीकडे होता.

आणि बाटली जड होती. मार्चच्या सुरुवातीला अर्ध्यावर आलेली बाटली एप्रिलच्या मध्यात जड कशी? कुणीतरी जुन्या बाटलीवरची माझी पट्टी सोलून दुसऱ्या बाटलीवर लावली होती. मास्तरीणबाई ती बाटली इस्पितळात घेऊन गेल्या. टॉनिकमध्ये गोळ्या कुटून विरघळवलेल्या आहेत. काल लेखी उत्तर आलं.

तुझ्या दादाला आणि वहिनीला कोपरा कुठे असतो ते पाठ आहे. मधल्या काळात माझ्या कपाटाला हात लागला तो एकाच माणसाचा. फेकायला म्हणून नेलेली पाकिटंही त्याच माणसाकडे होती.

बाटली जड लागली तेव्हा मी आधी काय केलं सांगू? हसले. मोठ्याने हसले, वहिनी धावत आली. कारण मी घसरले नव्हते. माझे हात माझेच होते. तुझ्यावरचा राग नंतर आला, आणि तो अजून येतोच आहे. मी संध्याकाळीच नाही, सकाळीही टॉनिक घेते, आणि घेऊन रस्त्यावर जाते, हे तुला माहीत होतं. पडल्याचं मी तुला डाव्या हाताने लिहिलं, त्यावर तू गप्प राहिलीस. माझ्या हातांवर आळ येऊ दिलास. मांडीवर पडलेलं माझं डोकं तुला इतकं हवं होतं, की ते रिकामं असलं तरी चालणार होतं?

तुझ्या दादाला मी अजून सांगितलेलं नाही. ते तुझ्या तोंडून त्याला कळावं, एवढी संधी मोठी बहीण म्हणून देते आहे.

ती पट्टी सोबत पाठवते. मास्तरीणबाईंनी ती स्वतः पाकिटात घातली आहे. डोळे मिट आणि बोट फिरव. कातरलेला कोपरा वर, उजवीकडे. एका कागदावर सरळ चिकटवून परत पाठव, दुसरं काही लिहू नकोस. मी समजून घेईन.

इथवर आलीस. अनेक आशीर्वाद.

ताई


ता. २२ एप्रिल

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

हे पत्र घरच्याच पत्त्यावर टाकते आहे. परक्या बाईने आपली पत्रं वाचावीत हे काही बरं नाही. वहिनी वाचून दाखवेल, आणि वहिनी, तू रडू नकोस गं.

तुझं पत्र मिळालं. किती लांबलचक लिहिलंस, तेही एका हाताने! मनगट दुखलं असेल. तू पूर्वीपासून अशीच, एखादी गोष्ट डोक्यात घेतलीस की सोडत नाहीस. आई म्हणायची, हिला कुणीतरी जरा शांत करा.

दादाशी काल सविस्तर बोलणं झालं, तुला हल्ली कसले कसले भास होतात तेही त्याला सांगितलं. तोही थकला आहे बिचारा. शनिवारी तो तुला गाडीने माझ्याकडे घेऊन येतो. वहिनी तुझे कपडे बांधायला घेईल. टाइपरायटर फार जड आहे, तो तिथेच राहू दे. इथे तुला कुणाला लिहायचं आहे? मी असेनच.

खोली हवेशीर आहे. मी खुर्चीही आणली, तुझ्या उशाशी बसायला.

टॉनिकची चिंता करू नकोस, नवीन बाटली आणून ठेवली आहे. तुझी पट्टी तिला लावली. डोळे मिटून तीनदा बोट फिरवून पाहिलं. कातरलेला कोपरा वर, उजवीकडे. आता मला नीट जमतं.

इतकी वर्षं लोभ पत्रातून मागत आले, आता मागावा लागणार नाही.

तुझीच छकुली