अभ्यासगटाचा अध्यक्ष

४ जानेवारी
आज प्रवेश घेतला. बँकिंग अँड फायनान्सची पदवी, दूरशिक्षणाने. पतसंस्थेच्या काउंटरवर बसून निम्मं आयुष्य पासबुकांवर शिक्के मारण्यात गेलं. आता शिक्क्यामागचं शास्त्र शिकणार. कर्ज विभागाची खुर्ची रिकामी होते आहे. मॅनेजर म्हणाले, जो पहिली सेमिस्टर पास होईल त्याचा विचार करू. बोलताना सरळ माझ्याकडे बघत होते. कॅशियरबाई माझ्या मागेच उभ्या होत्या, हे नंतर कळलं. त्यांनीही प्रवेश घेतलाय म्हणे. घेऊ देत. स्पर्धा असली की मजा येते.

५ जानेवारी, पहाटे पाच
(प्रत्यक्षात नऊ वाजलेत. पण गजर पाचला झाला होता, म्हणून वेळ तीच धरली.) वेळापत्रक केलं. अभ्यासाला हिरवा रंग, विश्रांतीला निळा. कागद निळा दिसतोय. हिरवं पेन संपत आलं होतं, दुसरं कारण नाही.

१८ जानेवारी, रविवार
स्टडी सेंटरचा पहिला वर्ग. ओळखीची मंडळी निघाली: आमच्या कॅशियरबाई, कोपऱ्यावरचा औषधवाला, हॉस्पिटलातल्या सिस्टर. सगळे गोंधळलेले. मी तिथल्या तिथे अभ्यासगट स्थापन केला. अध्यक्ष म्हणून माझी निवड बिनविरोध झाली. बाकीचे तेव्हा चहाला गेले होते.

२५ जानेवारी
पहिली बैठक, आमच्या बैठकीच्या खोलीत. विषय होता जमाखर्चाच्या नोंदी. पण पाया पक्का हवा, म्हणून मी पैशाच्या उगमापासून सुरुवात केली. दुपार संपली तेव्हा माणूस कवड्यांपर्यंत आला होता. सिस्टर सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. नाडी मोजायची सवय, दुसरं काय. कॅशियरबाईंनी मध्येच विचारलं, डेबिट नक्की कुठल्या बाजूला लिहायचं. मी म्हणालो, घाई नको.

८ फेब्रुवारी
दुसरी बैठक. चक्रवाढ व्याजाचं गणित मी स्वतः सोडवून दाखवलं. उत्तर असं आलं की ठेव ठेवल्याबद्दल ठेवीदारानेच बँकेला पैसे द्यायचे. औषधवाला म्हणाला, काहीतरी चुकतंय. मी म्हणालो, पुस्तकात छपाईच्या चुका फार. सिस्टरांनी वही मिटून पिशवीत टाकली. पटलं असावं.
मंडळी गेल्यावर ही म्हणाली, अहो, त्यांनाही जरा बोलू द्या की. मी म्हणालो, ज्यांना येत नाही त्यांनी बोलून काय करायचं? यावर तिने चहाचे कप उचलले आणि आत गेली. माघार घेतली.

२२ फेब्रुवारी
एकही जण आला नाही. सिस्टरांना ड्यूटी, औषधवाल्याकडे माल उतरायचा होता, कॅशियरबाईंचं डोकं दुखतंय. शिस्त म्हणून काही नाहीच. कंटाळून गट बंद केल्याचं सर्वांना कळवलं. कुणी कारणही विचारलं नाही. धक्का बसला असणार.
ही म्हणाली, तुम्ही आता रविवारी अभ्यासिकेत जाऊन बसत जा, घरात फार गडबड असते. घरात आम्ही दोघंच. पण बिचारीला माझी काळजी.

१ मार्च
अभ्यासिका उत्तम आहे. खुर्च्या मात्र गरजेपेक्षा जास्त आरामशीर. मोठ्या माणसाने डोळे मिटले की ते चिंतन असतं, हे तिथल्या रखवालदाराला कोण सांगणार? खांदा हलवून म्हणाला, साहेब, घोरू नका, लोक अभ्यास करताहेत.

१५ मार्च
घरी आलो तर मोरीत चहाचे चार कप. हिला विचारलं. म्हणाली, मीच प्यायले. बाई एकटी चार कप चहा पिते. ॲसिडिटी होईल. औषधवाल्याशी बोललं पाहिजे.

५ एप्रिल
आज अभ्यासिकेतून लवकर परतलो. (वीज गेली. उकाड्यात चिंतन होत नाही.) दारात औषधवाल्याची चप्पल. ही म्हणाली, ॲसिडिटीच्या गोळ्या द्यायला आला होता, मागच्या दाराने गेला. चप्पल इथेच विसरला. अनवाणी दुकानात पोचला तरी याच्या लक्षात आलं नसेल. असा विसराळू माणूस परीक्षेत काय दिवे लावणार?

१० मे
परीक्षा तोंडावर. संपूर्ण पुस्तकाचा सारांश काढायचं ठरवलं आहे. सध्या प्रस्तावनेचा सारांश तयार आहे.
गटाचं वाईट वाटतं. नेत्याशिवाय बिचारे बुडणार. काल काउंटरवर कॅशियरबाईंना धीर दिला. म्हणालो, नापास होणं काही गुन्हा नाही, मी आहे ना. त्या खाली मान घालून नोटा मोजत राहिल्या. खांदे हलत होते. रडू आवरत असाव्यात.

७ जून
पेपर सोपा गेला. पहिल्या प्रश्नात जीव ओतला. व्याख्या लिहायची होती, दोन मार्कांची. मी पुरवणी लावली. बाकीच्या प्रश्नांना वेळ उरला नाही, पण तपासणाऱ्याला माणसाचा वकूब पहिल्या पानावर कळतो.

१० ऑगस्ट
निकाल. औषधवाला पास, सिस्टर पास, कॅशियरबाई तर फर्स्ट क्लास. मी एका विषयात पास: संभाषण कौशल्य. मॅनेजरांनी दुपारीच कर्ज विभागाची खुर्ची कॅशियरबाईंना दिली.
संध्याकाळी तिघं घरी आले, फुलं घेऊन. मी पुढे झालो, हात पुढे केले. कॅशियरबाई मला वळसा घालून गेल्या आणि फुलं हिच्या हातात दिली.
मग सिस्टरांनी सांगितलं. मार्चपासून दर रविवारी मी अभ्यासिकेत गेलो की हे तिघं इथे, माझ्या खोलीत, माझ्या खुर्च्यांवर बसून अभ्यास करत होते. हिने बोलावलं होतं.
मी म्हणालो, हा विश्वासघात आहे. ही म्हणाली, आहेच. मग म्हणाली, कॅशियरबाई पोरीला शेजारणीकडे ठेवून येतात, सिस्टर रात्रपाळी करून येतात. आठवड्यातला तो एक दुपारचा वेळ, तो तुम्ही कवड्यांवर घालवलात. मला एवढंच वाटलं, घर आहे, चहा आहे, बसू दे बापड्यांना.
मी म्हणालो, पण मला सांगायचं तरी. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही उद्घाटनाचं भाषण केलं असतं.
गॅलरीत जाऊन उभा राहिलो. चांगलं खणखणीत उत्तर द्यायचं होतं. पण खरं म्हणजे मी मनातल्या मनात उद्घाटनाच्या भाषणाची सुरुवातच करत होतो.

११ ऑगस्ट
कॅशियरबाई नव्या खुर्चीत बसल्या. अभिनंदन करायला गेलो. त्या म्हणाल्या, रविवारी येता का बसायला? माझ्याच घरी मला बोलावणं. अपमान गिळून तत्काळ हो म्हणालो.

२३ ऑगस्ट, रविवार
आज गटात सामील झालो. अध्यक्षपद नाही. सामान्य सदस्यत्व, तेही अटींवर. बोलायचं असेल तर आधी हात वर करायचा. पैशाचा उगम वर्ज्य.
सिस्टर नवा, मोठा फळा घेऊन आल्या. टांगायला भिंतीत खिळा नव्हता, म्हणून मी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. त्यामुळे हात वर करता आला नाही. औषधवाल्याने पुढे सगळं गणित मांडलं. फळ्याच्या मागून मला दिसत काही नव्हतं, पण ऐकू स्वच्छ येत होतं, आणि आश्चर्य म्हणजे थोडंफार कळलंही. मंडळींचं मत पडलं की इतकी चांगली बैठक आजवर झाली नाही.
शेवटी मी म्हणालो, पुढच्या रविवारच्या आत भिंतीत खिळा ठोकून ठेवतो.
सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ही म्हणाली, राहू दे हो, कशाला भिंत खराब करायची.