पाणी कुठे अडलं होतं

काका, तुम्हाला मराठी बोलता यायची, वाचता मात्र दुकानांच्या पाट्यांपुरतीच. त्यामुळे हे लिहिताना मला मोकळं वाटतंय. आणि एवढी लांबण ऐकवली असती, तर तुम्ही मध्येच हात वर करून म्हणाला असतात, "साईं, काम की बात बोल." तर कामाची बात अशी, की काल संध्याकाळी बदलापूरला नदीवर एक इंजिन थंड झालं, आणि आठवड्यानंतर मी पोटभर जेवले.

उल्हासनगरच्या तुमच्या पंपांच्या दुकानात मी शिकायला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आता बेलवलीत माझं स्वतःचं वर्कशॉप आहे. पुरात अडकलेल्यांना बाहेर काढणारं एक पथक आहे इथे, सगळे आपापला नोकरीधंदा सांभाळून येणारे. त्यांची बोट मीच बघते. जेट बोट. तिला बाहेर पंखा नसतो. खालून नदीचं पाणी ओढायचं, मागून जोरात फेकायचं, त्यावर ती पळते. म्हणजे तुमच्या भाषेत एक मोठा पंपच. नदीत जलपर्णी इतकी माजते की पंख्याची बोट तिच्यात अडकून पडते, म्हणून ही घेतली. ओढलेल्या पाण्यातलंच थोडं एका नळीतून इंजिनकडे जातं, त्याला गार करतं आणि बाहेर पडतं. गेल्या आठवड्यात हे इंजिन तापायला लागलं. दहा मिनिटं पळवलं की काटा लाल पट्ट्यात.

पथकाचा प्रमुख अंबरनाथला कारखान्यात फिटर होता, जिभेचा तिखट. पहिल्या दिवशी म्हणाला, "ताई, ही बोट आहे का बंब? आंघोळीचं पाणी काढू का?" सगळे हसलो. तिसऱ्या दिवशी कोणी हसलं नाही. पावसाळा तोंडावर आला होता, आणि त्याने दोष कोणाचा ते ठरवूनही टाकलं होतं. बोट चालवणारा आमचा गडी एरवी रिक्षा चालवतो, बुवापाड्यात माझ्या माहेराच्या गल्लीतला. प्रमुखाचं म्हणणं, हा उथळ पाण्यातून बोट घासत नेतो, गाळ ओढतो, यानेच इंजिनाची वाट लावली. रविवारपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही तर याच्या हातात बोट द्यायची नाही. गेल्या पुरात एका बाळंतिणीला पत्र्यावरून उतरवून आणणारा हाच. तो माझ्याशी भांडला नाही. फक्त म्हणाला, "ताई, कसम से, मी नाय बिघडवली. पण ऐकणार कोण?"

वर्कशॉपमध्ये नळाची पाइप जोडून इंजिन चालवलं. अर्धा तास चाललं, तापलं नाही. नदीत उतरवलं की पुन्हा तेच. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारी झडप, काढून उकळत्या पाण्यात टाकला, बरोबर उघडत होता. प्रमुख म्हणाला, फेकून द्या तो, सगळे फेकतात. मी परत बसवला. काल, रविवारी दुपारी पाना उचलला, आणि खरं सांगते, हातावर तुमची चापट बसल्यासारखं झालं. तापलेला पंप दुकानात आला की मी आधी उघडायला धावायची आणि तुम्ही मारायचात. "आँख से गरम दिखता है क्या? हाथ लगा." पाणी जिथून येतं तिथून सुरू करून जिथून बाहेर पडतं तिथपर्यंत हात फिरवायचा, मगच पाना.

मी बोट काठाला बांधली, इंजिन चालू ठेवलं आणि नळी मुठीत धरली. पाण्याच्या जोराने ती टणक लागायला हवी होती. मऊ होती. म्हणजे पाणी इंजिनापर्यंत पोचतच नव्हतं. वर्कशॉपमध्ये मी नळाचं पाणी मधल्या तोटीतून देत होते, आणि अडलं होतं तोटीच्या मागे, नदीच्या बाजूला. इंजिन बंद करून मागचा जोड उघडला. आत चहाची गाळणी निघाली.

ती मीच बसवली होती, काका. गेल्या वर्षी, जलपर्णीची बारीक मुळं इंजिनात जाऊ नयेत म्हणून गाळणीची जाळी गोल कापून घातली. हुशारी केली, कोणाला सांगितलं नाही, आणि विसरून गेले. तिच्यावर मुळं आणि गाळ घट्ट बसून घोंगडीसारखा थर झाला होता.

तुम्हाला तो जीन्स धुण्याच्या कारखान्याचा पंप आठवत असेल. मी जोडातलं गॅस्केट उलटं बसवलं होतं, पंप जळाला, आणि मालक आपल्याच कामगाराला सगळ्यांदेखत शिव्या देत होता, की पाणी नसताना चालवलास. ते कानावर आलं तरी मी दुकानात खाली मान घालून नट पुसत बसले.  तुम्ही शटर अर्धं ओढता, मला स्कूटरवर बसवता, त्या कारखान्याच्या दारात उतरवता. "अंदर जा. मैं बाहर खड़ा हूँ." आत काय बोलले ते मला आठवत नाही. बाहेर आले तेव्हा तुम्ही स्कूटर बंदही केली नव्हती. परत येताना दाल-पकवान खायला घातलंत आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाहीत. तेव्हा मला तुमचा राग आला होता.

मी काठावर गेले आणि गाळणी तिथे उभ्या प्रमुखासमोर आणि रिक्षावाल्यासमोर धरली. म्हटलं, ही माझी. याने काही केलेलं नाही, बोट तापत होती ती माझ्यामुळे. प्रमुखाने गाळणी हातात घेऊन उलटीपालटी केली. मग म्हणाला, "एवढं शिकून चहाची गाळणी, ताई?" आणि मान न वळवता त्या रिक्षावाल्याला, "बघत काय उभा राहिलास? बस जागेवर." तो उडी मारून चढला. जाता जाता मला म्हणाला, "ताई, गाळणी धुवा, चहा ठेवा, आलोच." मी जोड पुन्हा आवळला आणि चहाचं राहू देऊन मीही चढले. चाळीस मिनिटं फिरवली त्याने बोट. मी शेजारी बसून नळी हातात धरली होती, टणक आणि गार. काटा हलला नाही. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

तुम्ही गेलात, हा कागद कुठे पोचायचा नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. गाळणी सापडली तेव्हा ते दोघं पाठमोरे होते. मी ती आधी पँटच्या खिशात घातली. गाळाचं पाणी मांडीवर उतरत होतं आणि मनात वाक्य तयार होतं: मुळं अडकली होती, काढली. ते खोटंही नव्हतं. तेवढ्यात रिक्षावाला बोटीची चावी प्रमुखाच्या हातात द्यायला निघाला, तेव्हा कुठे मी हात खिशात घातला. तोवर मी गप्पच होते, काका.