कायम होण्याचा पाठ

८ सप्टेंबर
डोंगरातल्या ऐन झर्गा या गावी पोहोचले. बस शाळेच्या फाटकापाशीच थांबते. इमारत नीटनेटकी, फळा नवा, खडू भरपूर. माझी पदवी इंजिनिअरिंगची, म्हणून वर्षभर उमेदवारी, मग समितीसमोर एक पाठ. तो पसंत पडला की गणित शिकवण्याचा परवाना आणि कायम नोकरी. मग बदली मागून मोस्तागानेमला जायचं. लकव्यानंतर बाबा तिथे एकटे आहेत.
माझ्या मार्गदर्शक दाविया बाई एकतीस वर्षं माध्यमिकच्या तिसरी ‘ब’ला शिकवतात. कुसकुस आणि ताक घेऊन आल्या. म्हणाल्या, खा पोरी, इंजिनिअरांना जेवायला शिकवत नाहीत वाटतं. खूप दिवसांनी हसले.

१७ ऑक्टोबर
तिसरी ‘ब’ आता माझ्याकडे. मुलं एकतीस. बाईंनी आज इथली जुनी युक्ती सांगितली: समिती आली की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येतं त्याने उजवा, येत नाही त्याने डावा. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. त्या म्हणाल्या, तुला पुरावा लागतो, इन्स्पेक्टरला हात लागतात.
मुलांना शिकवावं लागलं नाही. त्यांना ते येतच होतं.

२ डिसेंबर
सप्टेंबरची चाचणी पुन्हा घेतली. एकतीस पेपर ताडून पाहिले. त्याच चुका, त्याच ओळीत, तीच खाडाखोड. शेजारच्या ‘अ’ वर्गात निम्मी मुलं तापाने पडली आहेत. माझ्या वर्गात सप्टेंबरपासून एकही गैरहजेरी नाही.

१४ जानेवारी
फळ्यावरचा कंपास शोधायला अडगळीच्या खोलीत गेले. तिथे वर्गाचा जुना फोटो सापडला. मधोमध दाविया बाई, विशीतल्या. भोवती माझी मुलं. पहिल्या बाकावरच्या लूंजाचा दात तसाच तुटका.
बाई म्हणाल्या, ते यांचे आईबाप, गाव लहान, चेहरे सारखे. इतके चेहरे जुळण्याची शक्यता गणिताने मांडायला बसले. पूर्ण केली नाही.

२६ फेब्रुवारी
राजीनामा लिहिला. पाठ द्यायचा नाही, परवाना नको, या वर्गापासून लांब जायचं. फक्त बाईंना सांगितलं. त्या रडल्या, माझा हात धरून बसल्या. म्हणाल्या, मी स्वतः शहरात जाऊन टपालात टाकते, तू निश्चिंत राहा.

९ मार्च
समिती आली. न कळवता, वर्ष संपायच्या आतच. इन्स्पेक्टर, मुख्याध्यापक सी मखलूफ, दाविया बाई. बाईंच्या फायलीत माझ्या राजीनाम्याचं पाकीट होतं. चिकटवलेलं, तसंच.
नापास व्हायचं ठरवलं. फळ्यावर लिहिलं: उणे गुणिले उणे बरोबर उणे. एकतीस हात वर. सगळे उजवे. एकेकाने चूक सुधारली.
इन्स्पेक्टर खूश. मुद्दाम चूक करून मुलांकडून नियम काढून घेतला, म्हणाले, अशी शिक्षिका कित्येक वर्षांत पाहिली नाही. सही झाली.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

१० मार्च
बाईंची खोली रिकामी. पहाटेच्या बसने गेल्या. सी मखलूफ म्हणाले, तुझी नेमणूक दावियानेच मागून घेतली होती, नावानिशी. दुसरी कायम झाल्याशिवाय पहिलीला जाता येत नाही. तुला सांगितलं नाही का तिने?
बस आली. मी चढले. घाट उतरला —
शाळेच्याच फाटकापाशी उतरले.

११ मार्च
चालत गेले. नऊ किलोमीटर, मोजून. फाटक.

१९ मार्च
बाबांचा फोन. कधी येतेस. लवकर, म्हटलं.
मुलं बाकांवर बसून आहेत. घंटा कधीच झाली —

२ एप्रिल
शिक्षण खात्याला अर्ज लिहिते आहे. तिसरी ‘ब’साठी उमेदवार शिक्षिका हवी. मन लावून काम करणारी. घरापासून लांब राहू शकणारी. माझ्या माहितीत एक मुलगी आहे, कॉलेजात माझ्यामागे दोन वर्षं होती, माझ्यावर फार विश्वास आहे तिचा, तिचं नाव —