फॉर्मवरची सही

अण्णा, तुमच्या माघारी कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडाचं काम मी कसं पाहिलं, हे लिहिते आहे. मागांचा कारखाना तुमच्या एकट्याच्या नावावर होता. तुम्ही गेलात आणि फंड काढायच्या फॉर्मवर मालक म्हणून सही करायला कुणी उरलं नाही.

फंडाचे पैसे तुम्ही कधी गल्ल्यात ठेवले नाहीत. भरणा होईपर्यंत ते स्वयंपाकघरात पोह्यांच्या डब्यात असत. एकदा वहीसाठी मी त्यातले घेतले, तेव्हा तुम्ही ओरडला नाहीत. "ते आपल्याकडं राहायला आलेत, आपले न्हवेत," एवढंच म्हणालात.

तुमचं सूतक फिटायच्या आत जॉबर आले. आपले सगळे माग त्यांच्याच हातानं दुरुस्त होत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. काम सोडून फंड काढायचा आणि ऑपरेशन करून घ्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, सूतक संपू द्या. ते मान हलवून शेडमध्ये गेले.

नंतर मी फंडाच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं, की कारखाना आता कोण बघतं एवढं वारसांनी लिहून द्यावं, त्या माणसाची सही चालेल. माझ्या नावाचं तसं पत्र आईच्या सहीनं मी लगेच दिलं. आणि जॉबरांना सांगितलं, कोर्टाचा वारस दाखला आल्याशिवाय काही होत नाही.

मी डिप्लोमा केला आहे, मागातलं मला कळतं. कारखाना विकायचं आम्ही ठरवलं होतं; गिऱ्हाईक चालू माग बघून भाव देणार होतं, आणि जॉबर गेले असते तर माग नीट चालले नसते. बाकी सगळे भरणे मी वेळेवर केले. जॉबरांचा तेवढा एक फॉर्म खणात ठेवला.

दसऱ्याला मागांची पूजा आहे. जॉबर मला नारळ देतात, त्यासाठी त्यांना माझा हात चाचपावा लागतो.

"अक्का, कोर्टाचं काय कळलं का?"

"अजून नाही."

"असू द्या. मालकांच्या लेकीला मी कशाला घाई करू?"

थंडीत सौदा झाला, त्याच दिवशी मी सही केली. डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याला आता उशीर झाला.

सौद्याच्या पैशांतून घेतलेल्या घरात आई सुखी आहे. दर दिवाळीला मी जॉबरांकडे फराळ घेऊन जाते. ते सुनेला सांगतात, माझ्या फंडापायी अक्कांनी कोर्टात लई हेलपाटे घातले. मी चहा संपवते आणि निघते.

हे पत्र खरं त्यांना लिहायचं होतं. पण ते कुणाकडून तरी वाचून घेतील, म्हणून तुम्हाला लिहिलं.