अंपायरच्या बोटाआधी

सोमवार, ३० जुलै १९३४
आजपासून खरा जंटलमन व्हायचं. बावीस वर्षं दुकानात कॉलर आणि टाय विकतोय, म्हणजे जंटलमन बाहेरून कसा असतो ते मला तोंडपाठ आहे. राहिलं फक्त आतलं. त्याला तीन आठवडे पुरेत.

कारण मिस हेस्टर थ्वेट. शाळेत शिकवते, आमच्या क्रिकेट क्लबचं स्कोअरबुक लिहिते. काल चर्चबाहेर म्हणाली की पुरुष दिसायला कसाही असो, मनाने जंटलमन हवा. बोलताना माझ्याकडे बघत होती. (माझ्या मागे नेड गारबट उभा होता, पण तो शेजारच्या गावचा लोहार.)

बुधवार, १ ऑगस्ट
नियम ठरवले. बाई दिसली की हॅट उचलायची. वेस्टकोटाचं शेवटचं बटण उघडं. स्वतःची फुशारकी मारायची नाही. हा शेवटचा नियम मी दुकानात सगळ्यांना ऐकवला.

शनिवार, ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६
बसमध्ये उठून एका बाईंना जागा दिली. त्या कडाडल्या, मी काय एवढी म्हातारी दिसते? काही लोकांना सभ्यपणा पचत नाही. घरमालकीण मिसेस बुल्मर म्हणाली, "जागा दिलीत ते बरं केलंत, पण अख्ख्या बसला ओरडून सांगायची काय गरज होती?" हिच्यापर्यंत बातम्या पोचतात कशा?

रविवार, १२ ऑगस्ट
शनिवारी नेडच्या गावाशी मॅच. चहाच्या वेळी हेस्टरला मागणी घालायची. पक्कं.

त्याआधी तिला जंटलमन दाखवायचा. चेंडू बॅटला चाटून झेल गेला, की अंपायरच्या बोटाची वाट न बघता आपण होऊन चालू लागायचं. क्लबात यावर अर्धा तास बोललो. कॅप्टन म्हणाला, "ॲपलगार्थ, आधी चेंडूला बॅट तर लागू दे!" हेस्टर हसली. कॅप्टनलाच हसली असणार. घरी आरशासमोर मैदानातून परतायची चाल घोटली. मान किंचित खाली.

शनिवार, १८ ऑगस्ट
दिवसभर ढग. मी अकरावा. जिंकायला तीन रन हवे होते.

पहिलाच चेंडू. कसलासा आवाज झाला, चेंडू विकेटकीपर नेडच्या हातात. हीच ती वेळ! बॅट काखेत, घोटलेली चाल. अपील कोणी केलंच नव्हतं हे मागाहून कळलं. मी क्रीजबाहेर आणि नेड चेंडू घेऊन स्टंपांशी. नुसता टेकवला असता तरी खेळ खलास. पण तो ओरडला, "अहो साहेब, निघालात कुठे? पॅडला लागला! या मागे, चहाला वेळ आहे अजून!" टाळ्या पडल्या. बहुधा मला.

दुसऱ्या चेंडूबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही. नेडने झेलला, सगळे ओरडले. अंपायर आमचे पाद्रीबुवा, त्यांना जरा कमी ऐकू येतं. ते नाही म्हणाले. अंपायरचा मान राखणं हेही जंटलमनचंच काम. मी ढगांकडे बघत होतो.

तिसरा बॅटच्या कडेला लागून सीमेपार. जिंकलो! खांद्यावर घेतलं मला. मागणी राहून गेली, चहा फार गरम होता.

रविवार, १९ ऑगस्ट
त्या दुसऱ्या चेंडूचं हेस्टरने नेडला विचारलं म्हणे. तो म्हणाला, "ओरडलो ते सवयीने, बाई. ऊन डोळ्यांवर होतं, दिसलंच नाही काही." घ्या! खुद्द कीपरची साक्ष. हेस्टर म्हणाली, "ऊन?" आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. हे मिसेस बुल्मरकडून कळलं.

शनिवार, २५ ऑगस्ट
पहिल्या चेंडूच्या खिलाडूपणाबद्दल क्लबने मला कप दिला. हेस्टरने टाळ्या वाजवल्या. तीन.

सोमवार, २७ ऑगस्ट
मागणी घातली. तिने एवढंच विचारलं, "आणि तो दुसरा चेंडू?" अंपायर म्हणाले तेच खरं, असं मी म्हणालो. तिने फार सभ्यपणे आभार मानले. नकार असा द्यावा.

रविवार, ३० सप्टेंबर, दुपार
चर्चमध्ये हेस्टर आणि नेडच्या लग्नाची घोषणा झाली. कोणाची हरकत असेल तर सांगा, असं पाद्रीबुवांनी विचारलं. मी छताकडे बघत होतो. बाहेर नेडने हात पुढे केला, म्हणाला, "साहेब, लग्नाला यायचं हं, पहिल्या बाकावर." दीड महिना झाला, त्या दुसऱ्या चेंडूबद्दल हा माणूस एका शब्दाने कोणाजवळ बोललेला नाही. मला त्याचा राग यावा म्हणून फार प्रयत्न केला. येईना. लाज मात्र आली, भर रस्त्यात, हॅट उचललेली असताना.

घरी येऊन कप पुसायला घेतला आणि तसाच ठेवून दिला. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

बॅटला लागला होता. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या.