सात कांद्यांचा नारळ

नेरूळ गावठाण,
श्रावण शुद्ध षष्ठी

चि. सौ. गोजरास,

थोरला भाऊ नामा याचा हात इथूनच तुझ्या डोक्यावर आहे असे समज. तुझे गुडघे कसे आहेत? मेव्हण्यांचा खोकला बसला का? की काढा अजून गुपचूप मोरीतच ओततात? आमच्याकडे तुझ्या वहिनीचा राग वगळता सर्वांची तब्येत उत्तम. फोनच केला असता, पण फोनवर तू मध्येच हसायला लागतेस आणि मग मला पुढचे सांगता येत नाही. पत्र वाचून हसलीस तरी मला ऐकू येणार नाही, म्हणून निवांत लिहितो.

गेल्या नारळी पुनवेला तू नव्हतीस (तुमच्या उरणकडची मिरवणूक सोडून तू कशाला येशील म्हणा), त्यामुळे इथे काय झाले ते तुला कुणीतरी तिखटमीठ लावून सांगितले असेल. खरे असे झाले. मिरवणूक देवळातून निघायची अकराला. पण बँडवाले आले दोनला, पाहुणे चारला, मग त्यांचे सत्कार, शाली, फोटो, फोटोत कोण राहिले म्हणून पुन्हा फोटो. जेटीवर पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते आणि खाडी केव्हाच आत निघून गेली होती. समोर दोनशे पावले नुसता चिखल, तोही कंबरभर. नारळ सोडायचा मान बाबांपासून आपल्या घराचा, म्हणून मी देवाचे नाव घेऊन, होता नव्हता तेवढा जोर लावून फेकला. सोन्याच्या कागदातला तो नारळ धप्पकन चिखलात बसला. शेंडी वर करून. पुढची भरती येईपर्यंत तो तिथून आमच्याकडे बघत होता आणि आम्ही त्याच्याकडे.

त्यावर आपल्या समितीचा अध्यक्ष गोटीराम यंदाच्या बैठकीत सर्वांसमोर म्हणाला, “नामादादा, यंदा नारल चिखलान परला त पुढचे वर्सी आपुन सेक्टरच्या टाकीन सोरू. लादी लावलेली हाय, पानी हाय, सावली पन हाय.” गणपती बुडवायच्या त्या टाकीत! गोजरा, ज्या खाडीने आपल्याला दोन वेळा जेवायला घातले, तिचा नारळ लादी लावलेल्या टाकीत? माझे डोके फिरले. मी उभा राहिलो आणि म्हणालो की यंदा नारळ चिखलावरून चालत पाण्यापर्यंत जाईल, आणि तो मी नेईन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या पडल्यावर खाली बसता येते, शब्द मागे घेता येत नाही.

हे बोलण्याआधी मी मोबाइलवर एक गोष्ट पाहिली होती, उगाच हवेत बोललो नव्हतो. हॉवरक्राफ्ट म्हणतात तिला. एक पंखा खाली हवा भरतो, भोवती प्लास्टिकची झालर असते, ती फुगते आणि होडी त्या हवेवर बोटभर उचलली जाते. मागचा दुसरा पंखा तिला ढकलतो. पाणी, चिखल, घरातली लादी, तिला सगळे सारखेच. चालवायची काठावर उभे राहून, रिमोटने. (दाखवणारी बाई कुठल्या देशाची होती कोण जाणे, एक शब्द कळला नाही, पण तिचे हात कळले. मी इंजिने दुरुस्त करायला असाच शिकलो.) सामानही काही मोठे नाही. मासळीच्या रिकाम्या थर्माकोलच्या पेट्या, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, लग्नाचे शूटिंग करताना आंब्याच्या झाडात पडलेल्या ड्रोनच्या दोन मोटारी, आणि एका मोडक्या खेळण्यातल्या गाडीचा रिमोट. तुझ्या वहिनीने ढीग पाहून विचारले की हे भंगार आणले आहे की द्यायचे आहे.

पहिली चूक मी केली ती होडीवाल्याचीच. होडी म्हटली की तळाला कणा हवा, हे माझ्या हाताला पन्नास वर्षे ठाऊक. मी थर्माकोलला मस्त टोक काढले, खाली कणा बसवला, रंग दिला, आणि नवीन होडीला करतात तशी पूजा करून झेंडूचा हार घातला. बटण दाबले. कणा लादीत रुतल्यासारखा, होडी जागची हलेना, आणि पंख्याने हार ओढून घेऊन सगळ्या भिंतीवर झेंडू मारला. मग कणा कापला. (कापताना जीव तुटला.) तळ सपाट केला, पण झालर चारी बाजूंनी इतकी चोख चिकटवली की आत गेलेल्या हवेला बाहेर यायला वाटच नाही. पुरीसारखी टम्म फुगली आणि असा आवाज करून फुटली की शेजारच्या सोसायटीचा वॉचमन जिना चढून आला.

तिसऱ्या वेळी आतल्या अंगाला भोके पाडली आणि गोजरा, ती उचलली गेली! लादीवरून अशी सरकली, जशी तू लहानपणी शेवाळावरून सरकायचीस, फक्त रडली नाही. मी आनंदाने ओरडलो. पण मागच्या मोटारीच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या, तेव्हा ती पुढे न जाता मागे सुटली, थेट तुझ्या वहिनीने भाकरीसाठी चाळून ठेवलेल्या तांदळाच्या पिठात. दोन्ही पंखे चालू. त्याच वेळी गोटीराम तयारी कुठवर आली ते बघायला दारात उभा. पीठ उडाले ते त्याच्या मिशीपासून नव्या शर्टापर्यंत. तो बिचारा नुसता खोकला. तुझी वहिनी मात्र बोलली, आणि अजून बोलते आहे.

आता चांगली बातमी. काल ओहोटीला जेटीखालच्या चिखलावर चाचणी घेतली. गेली! चिखलाला न लागता गेली, पाण्यावर उतरली, वळली, परत आली. पाण्यात तिला एकदम वळवायची, म्हणजे वरचा नारळ घसरून आपसूक पाण्यात पडतो. माझे डोळे भरून आले (वारा होता). अडचण आहे ती एवढीच, की नारळाऐवजी मी कांदे ठेवले होते. चार कांदे नेले. पाच नेले. सहावा ठेवला की खाली बसते, म्हशीसारखी. आणि बाजारातला शेंडीचा नारळ मी तागडीत घालून पाहिला, तो भरतो सात कांदे. मोठी मोटार लावली तर बॅटरी मोठी लागते, बॅटरी मोठी लावली की तिचेच वजन दोन कांदे. पुनव नऊ दिवसांवर आली आहे. तरी मी घाबरलेलो नाही. काहीतरी सुचेल. देवाला सर्वांची काळजी.

बाकी सर्व क्षेम. मेव्हण्यांना नमस्कार, लेकरांना गोड पापा.

तुझा दादा,
नामा

ता. क. तुझ्या परसातल्या त्या ठेंगण्या माडाला यंदा नारळ धरलेत का? लग्नानंतर पहिल्यांदा तू ते घेऊन आलीस तेव्हा मी सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांना सुपाऱ्या म्हणालो होतो आणि तू पाच महिने माझ्याशी बोलली नव्हतीस. ते शब्द आज मी लेखी परत घेतो. तो नारळ पाच कांद्यांच्या वर भरणार नाही, असा माझा हात सांगतो. शेंडीसकट एक पाठव. पत्र लिहायला बसलो ते खरे यासाठीच.

ता. क. २. सून उन्नती पत्र टाकायला घेऊन गेली आणि वाटेत वाचून परत आली (पाकीट मी चिकटवले नव्हते). म्हणते, “बाबा, तुम्हाला सांगायचंच राहिलं. आम्ही बायकांनी ठरवलंय, नारळ घेऊन बरोब्बर अकराला निघायचं. बँड आणि पाहुणे मागून येतील तेव्हा येतील. साडेबाराला भरती असते, पाणी पायरीला लागलेलं असेल. तुम्ही हातानं सोडलात तरी चालेल.” पुढे चालणार तुझी वहिनी. म्हणजे खाडीचा नारळ खाडीला मिळाला, गोटीरामची टाकी टळली, आणि माझी होडी तेवढी बिनकामाची झाली. मी उगाच तिची झालर पुसायला घेतली. मग लक्षात आले, ती पाण्यावरही चालते की! तेव्हा तुझ्या ठेंगण्या माडाचा नारळ हवाच. पण पाठवू नकोस, राखीसोबत स्वतः घेऊन ये, आणि साडेबाराच्या आत पोच. तुझी वहिनी पुढे असली की कुणासाठी थांबायची नाही.