लाल दारांचा तरण तलाव

१२ जून, गुरुवार
वर्क फ्रॉम होम. लंचला इंग्लंडमधल्या आमच्या गिरणीगावाचा जुन्या फोटोंचा ग्रुप बघत बसले. माझा जन्म तिथला, पण चार वर्षांची असताना गिरणी बंद पडली आणि बाबांनी आम्हाला इथे अमेरिकेत, कॅरीला आणलं. आठवत काहीच नाही. तरी बघते. आज कुणीतरी गावच्या तरण तलावाचा फोटो टाकलाय. काचेचं छत, त्यातून उतरलेलं धुरकट ऊन. इमारत कधीच पाडली म्हणे. आईला दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "इथे मी पोहायला शिकले."
आई! बीचवर गेलं तरी पाऊल न भिजवणारी.

१५ जून, रविवार
आई चहाबरोबर थोडं थोडं सांगते. बुधवारी बायकांची वेळ. शेजारच्या मॉरीनने स्वतःचा स्विमसूट दिलेला, खांद्यात सैल. बाबा रात्रपाळी करून यायचे, आणि न झोपता मला कडेवर घेऊन तलावाच्या दाराबाहेर थांबायचे.
"उताणं पडलं की वर नुसता उजेड. कानात पाणी. कुणाची सून नाही, कुणाची कुणी नाही..."
बाबा जाऊन दोन वर्षं झाली. दोघांपैकी कुणीच मला हे कधी सांगितलं नाही.

२१ जून, शनिवार
ग्रुपवर वाद. कपडे बदलायच्या खोल्यांची दारं हिरवी की लाल?
आई लगेच, "लाल. आणि अर्धीच. खालून सगळ्यांचे पाय दिसायचे."
मी तसंच लिहिलं. तिथल्या एका बाईंचं उत्तर आलं: त्यांची आईपण बुधवारी जायची. म्हणजे दोघींनी एकमेकींचे पाय पाहिले असतील. दिवसभर तेच डोक्यात.

२९ जून, रविवार
आई आमच्या कम्युनिटी पूलमध्ये उतरली. बायपासनंतर डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण मीच नको म्हणत होते. माझी लेक ईरा म्हणाली, "मॉम, लेट हर." मग मीही पाण्यात उतरले.
आईने कठडा सोडला. पांढरे केस पाण्यावर पसरले. तिच्या पाठीखाली मी तळहात धरला होता, न टेकवता. ती तरंगत होती. डोळे उघडे, कॅरीचं कोरं निळं आभाळ. किती वेळ कोण जाणे.
बाहेर आल्यावर विचारलं, काय बघत होतीस?
"छत शोधत होते गं."

६ जुलै, रविवार
तिला तिथे जायचंय.
मॅपवर तलावाची जागा दाखवली. पार्किंग लॉट, ओळीने गाड्या.
"आई, तिथे आता काहीच नाही."
"जागा असेल ना?"
एवढा लांबचा प्रवास, तिचं हृदय. ईरा म्हणते, मी येते सोबत. डॉक्टरांना विचारते म्हटलं.
अजून फोन केलेला नाही.